बॉनेटवरचा क्रूस

१

पाद्रींनी पवित्र पाणी शिंपडलं, फटाके वाजले, बिअरचा फेस बॉनेटवरून ओघळून खाली आला, आणि थोड्या वेळाने एलिओदोरो किस्बेर्तच्या जीपवर क्रूस उमटला.

माझं दुकान बसिलिकाच्या, म्हणजे गावच्या मोठ्या चर्चच्या, चौकासमोरच आहे, त्यामुळे गिऱ्हाइकं सांभाळत जमेल तेवढं मी दारातून पाहिलं. जीप गडद निळी होती. आरशांना ग्लॅडिओलसच्या माळा, छपरावर कागदी टोपी, चाकांभोवती पाकळ्यांचा चिखल. सरोवराकाठच्या आमच्या कोपाकाबानात अशा गाड्या रोजच येतात आणि आशीर्वाद घेऊन जातात. मी एरवी मान वर करून बघतही नाही. त्या दिवशी मात्र सूर्य ढगातून बाहेर आला आणि बॉनेटचा निळा रंग बघता बघता उतरू लागला. निखाऱ्यावर राख धरावी तसा तो पांढुरका, मेलेला दिसायला लागला. अपवाद फक्त मधोमध एका जागेचा. तिथे ताटाएवढा क्रूस जसाच्या तसा चमकत होता, दुपारच्या सरोवरासारखा खोल निळा, कडा धारदार.

सगळ्यात आधी माळा विकणारी म्हातारी गुडघ्यावर बसली. मग ड्रायव्हरांनी टोप्या काढल्या. फटाके पेटवणाऱ्याने हातातली काडी विझवली. मी शाळेत अनेक वर्षं रसायनशास्त्र शिकवलं आहे, गाव मला अजून प्रोफे, म्हणजे शिकवणाऱ्या बाई, म्हणूनच हाक मारतं; अशा गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण माझ्या अंगावर काटा आला, हे नाकारण्यात अर्थ नाही.

गुडघे टेकले नव्हते ते एका एलिओदोरोने. त्याने राखाडी रंगावरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि रडवेल्या आवाजात म्हणाला, "माझ्या गाडीचा रंग कुणीतरी खाल्ला."

शेजारी त्याच्या गाडीचा धर्मबाप होता. इथे मुलाला असतो तसा गाडीलाही धर्मबाप असतो, गाडीवर दारू शिंपायचा, म्हणजे शिंपणाचा, पहिला मान त्याचा, आणि तो नि मालक एकमेकांना कोम्पाद्रे म्हणतात. हा ग्रोव्हेर लिमाची, एल आल्तो शहरात जुन्या गाड्यांचं आवार चालवणारा. जीप त्यानेच विकली होती. त्याने गल्लीकडे हात केला.

"कुणीतरी कशाला, कोम्पाद्रे? सकाळी गाडी कुणाच्या हातात होती?"

सगळ्या माना नीव्हेस कायिसायाच्या धुलाईच्या जागेकडे वळल्या.

२

ड्रायव्हर-संघाचा सचिव फाउस्तो दुपारी माझ्या दुकानात आला. आमच्याकडे पोलीस नंतर येतात, संघ आधी. गल्लीतल्या धुलाईच्या जागा संघच वाटून देतो आणि संघच काढून घेतो. फाउस्तोने स्पष्ट सांगितलं की संध्याकाळी चौकातच सभा आहे, आणि नीव्हेसने गिऱ्हाइकाला फसवल्याचं ठरलं तर तिची जागा जाईल. ती जागा तिच्या आईची होती. दुसरीकडे कुठे तिला बादली ठेवायलाही कोणी जागा देणार नाही.

"पण लोक म्हणतात चमत्कार झाला," मी म्हटलं.

"चमत्कार क्रूसाचा, प्रोफे. उरलेल्या बॉनेटचं काय? लोकांचं म्हणणं असं, की नीव्हेसने खोटा माल लावला आणि देवाने तो उघडा पाडला. तुम्हीच बघा. माल तुमच्याच दुकानातून जातो ना?"

ते खरं होतं. माझ्याकडे गाडी चमकवायच्या मालाची दोन फडताळं आहेत. एकावर प्रॉडक्शन दर्जाचा माल. तो आवारवाल्यांसाठी असतो, ज्यांना दिवसभरात रांगेने गाड्या विकायला काढायच्या असतात. त्यात तेल, सिलिकॉन आणि बारीक पांढरी माती असते. माती ओरखड्यांत बसते, तेल मेलेल्या रंगाला भिजवून गडद करतं, आणि एका हाताच्या फटकाऱ्यात गाडी नवी दिसते. दोन-चार धुलायांत सगळं निघून जातं, पण तोवर गाडी विकलेली असते. दुसऱ्या फडताळावर प्रोफेशनल माल. तो काहीच झाकत नाही. त्याची पूड घासता घासता स्वतःच बारीक होत जाते आणि रंगाचा वरचा मेलेला थर तेवढा काढते. त्याला वेळ लागतो, दंड भरून येतात, आणि खाली जे असेल तेच दिसतं. ज्याचं गिऱ्हाईक परत येणार असतं त्याने हा घ्यावा, असं मी सगळ्यांना सांगते. गेल्या कार्निव्हलपासून नीव्हेस हाच घेत होती. ड्रायव्हर तिची टर उडवत: "बाई गाडी धुते की दात घासते?"

मी तिच्या जागेवर गेले तेव्हा ती उपड्या बादलीवर बसली होती. शेजारच्या बायांनी बोलणं टाकलं होतं.

तिने जे सांगितलं ते थोडकं होतं. तिने जीप नुसती धुतली. बॉनेटवर पाणी पडलं तेव्हा ते नीट सुटेना, तेलकट थबकलं. फडक्याला किंचित निळं लागलं. तिला शंका आली. तिने एलिओदोरोला म्हटलं, की आधी सगळा जुना लेप उतरवून बघू या. पण धर्मबाप मध्ये पडला. आवारात नुकतंच पॉलिश केलंय, तू फक्त पाणी मार, म्हणाला.

"म्हणजे तू लेप लावलाच नाहीस?"

"नाही लावला. पण प्रोफे, तुम्ही माझ्या बाजूने बोललात तर लोक म्हणतील, माल विकणारी बोलतेय."

मी दुकानात परतले आणि भिंग नि सुई खिशात टाकली.

३

जीप चौकातच उभी होती. बॉनेटला कोणी हात लावत नव्हतं. पुढे मेणबत्त्यांची रांग लागली होती आणि एक बाई आपल्या तान्ह्याला क्रूसापुढे धरून उभी होती. मला त्या रांगेतून वाट काढायचा संकोच वाटला. मग मी मागच्या बाजूने सुरुवात केली.

मागचं दार उघडून बिजागरीच्या खाचेत भिंग धरलं. दाराच्या खाचा कोणी धुवत नाही आणि पॉलिश करणारा तिथून फडकं नीट फिरवत नाही, म्हणून जे काही गाडीला लागलेलं असतं ते तिथे साठतं. खाचेत गुलाबी लेप वाळून कडक झाला होता, वर एल आल्तोकडच्या रस्त्याची तांबूस धूळ. मी सुईने धूळ सरकवली. लेप धुळीच्या खाली होता. चार दारं बघितली. चारही ठिकाणी लेप खाली, धूळ वर.

इतकं साधं असतं कधी कधी. कोण आधी आलं ते थर सांगतात. जो लेप धुळीखाली आहे तो धुळीच्या आधी लागला, म्हणजे गाडी आमच्या गावात शिरण्याआधी. शिवाय नीव्हेसचा माल पांढरा असतो. गुलाबी माल मी ठेवतच नाही.

तेवढ्याने नीव्हेस सुटत होती, असं मला वाटलं. पण क्रूस तसाच राहिला होता. लेप कुणीही लावलेला असो, त्यातून क्रूस कसा येतो?

एलिओदोरोची सासू, दोन्या सातुर्निना, बसिलिकाच्या पायरीवर उकडलेला मका खात होती. शिंपण तिने कसं केलं ते मी विचारलं. ती खुशीने सांगू लागली. जावयाने फक्त बिअर आणली होती. धर्मबाप म्हणाला होता, बिअर पुरे. पण शुद्ध दारूशिवाय शिंपण म्हणजे मिठाशिवाय जेवण! तिने शालीतून आपली बाटली काढली, आगकाडी लावली तर पेटेल अशी, आणि धरतीमातेसाठी चार चाकांवर चार थेंब टाकून उरलेली सगळी बॉनेटवर ओतली.

"सगळी?"

"जावई आवडता आहे माझा. तर तो ग्रोव्हेर माझ्या अंगावर धावून आला. बाटली ओढायला लागला. आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं मी, धर्मबापाने शिंपण अडवलेलं. मग अंगातलं जाकीट काढलं आणि तोच त्याने बॉनेट पुसायला लागला, खसाखसा. इतका कंजूष, की दुसऱ्याची दारूसुद्धा सांडू देत नाही."

मी उठून पुन्हा जीपकडे गेले. आता मात्र रांगेतून पुढे झाले, माफी मागितली आणि क्रूसावर भिंग धरलं.

दारू बॉनेटभर सांडली होती. ओघळ वाकडेतिकडे जातात, थेंब गोल पडतात. क्रूसाची कड सरळ होती, पट्टीने आखल्यासारखी. आणि त्याच्या चारही भुजा सारख्या होत्या. मी मान वर केली. बसिलिकाच्या कळसावर, पाद्रींच्या गळ्यात, त्या म्हातारीच्या माळेत, या गावातल्या प्रत्येक क्रूसाची खालची भुजा लांब असते.

तिथे उभ्या उभ्या मला कळलं, की आम्ही सगळे उलटं बघत होतो. क्रूस उमटला नव्हता. क्रूस उरला होता.

४

सभेला चौक भरला. ग्रोव्हेर पहिल्या रांगेत होता, अंगात जाकीट नव्हतं. पाद्रीही एका बाजूला येऊन उभे राहिले. मी त्यांना आधीच एक फोन करायला सांगितलं होतं आणि कशासाठी ते कानात सांगितलं होतं.

मी आधी धुळीची गोष्ट सांगितली आणि ज्याला शंका असेल त्याने भिंग घेऊन बघावं म्हटलं. बरेच जण बघून आले. कुजबूज थोडी बदलली.

मग मी आमच्या सूर्याबद्दल बोलले. इतक्या उंचीवर हवा विरळ, ऊन कोवळं नसतंच कधी. ते ऊन गाडीच्या रंगावर वर्षानुवर्षं पडलं की वरचा थर मरतो, राखाडी होतो. पण रंगावर काही चिकटवलेलं असेल तर त्याच्याखाली ऊन पोचत नाही. तिथला रंग जिवंत राहतो, नेमका त्या चिकटवलेल्या वस्तूच्या आकाराचा. वस्तू खरवडून काढा, तेलकट माल फासा, सगळं बॉनेट एकसारखं निळं दिसेल. त्या मालाला बिअर काही करत नाही. शुद्ध दारू मात्र तेल सुटं करते. आणि सुटं झालेलं तेल कोणी फडक्याने पुसून घेतलं, तर पुसणारा स्वतःच्या हाताने ते उघडं करतो.

"या बॉनेटवर वर्षानुवर्षं एक क्रूस चिकटवलेला होता," मी म्हटलं. "चार सारख्या भुजांचा. असा क्रूस देवळात नसतो. असा क्रूस कुठे असतो?"

तान्हं घेतलेली बाईच शेवटी म्हणाली, "दवाखान्यात."

ग्रोव्हेर हसला. "प्रोफे, तुम्ही शिकलेल्या बाई. एका डागावरून इतकं पुराण?"

"मग मागची सतरंजी उचला. नवीन आहे. दवाखान्याची गाडी असेल तर खाली स्ट्रेचरच्या रुळांचे बोल्ट मारलेली भोकं असतील, दोन ओळींत. नसतील तर मी तुमची माफी मागते, याच चौकात."

ग्रोव्हेर जागचा हलला नाही. हलला तो एलिओदोरो. तो जीपमध्ये चढला, गोंदाने चिकटवलेली सतरंजी टोकाला धरून ओढली आणि खाली वाकला. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा बॉनेटसारखा झाला होता.

"दोन ओळी आहेत," तो म्हणाला. "कोम्पाद्रे, तू माझ्या पोरीच्या बारशाला आला होतास."

पाद्री पुढे झाले. सरोवरापलीकडच्या चायाकोता गावच्या आरोग्य केंद्राची जीप हिवाळ्यात नाहीशी झाली होती. तिथली नर्स ओर्तेन्सिया दर रविवारी त्यासाठी प्रार्थना सांगायची. फोन तिलाच केला होता, आणि ती होडीने निघाली होती. हे ऐकल्यावर ग्रोव्हेर उठून जायला निघाला, पण मागे ड्रायव्हर होते आणि त्यांनी वाट दिली नाही. त्याच्या पिशवीत कोंबलेलं जाकीट एकाने ओढून काढलं. पाठीवर गुलाबी आणि निळे पट्टे होते, स्वस्त लेपाला येतो तसा घासलेटचा वास येत होता.

मला वाटलं संपलं. पण फाउस्तोने हात वर केला.

"चोरीचं पोलीस बघतील," तो म्हणाला. "सभा नीव्हेसची आहे."

५

त्याचं म्हणणं गैर नव्हतं, म्हणूनच मला ते झोंबलं. धुळीखालचा लेप ग्रोव्हेरचा, हे कबूल. पण नीव्हेसने धुताना काही तिखट वापरलंच नाही कशावरून? रंग उन्हाने मेला की तिच्या पाण्याने जळला? आणि ती भारी माल वापरते याला साक्षीदार कोण, तर तो माल तिला विकणारी. मागून कोणीतरी म्हणालं, "डबा भारी, आत काय ते देव जाणे." लोक हसले.

मी काही बोलणार तेवढ्यात नीव्हेस उठली. सबंध दिवसात ती पहिल्यांदाच लोकांसमोर बोलत होती.

"पाण्याने जळलेला रंग पुन्हा चमकत नाही," ती म्हणाली. "खालपर्यंत जातो तो. उन्हाने मेलेला नुसता वरवर मरतो. मी घासून दाखवते. नाही चमकला तर जागा घ्या."

तिने यंत्र आणलं, वायर माळावालीच्या दुकानातून घेतली. डबा फाउस्तोच्या हातात देऊन तिने त्यालाच उघडायला लावला आणि वास घ्यायला सांगितला. त्याला कसलाच वास आला नाही. मग तिने क्रूसाच्या उजव्या भुजेच्या टोकाशी मालाचे ठिपके दिले, पॅड टेकवलं आणि अगदी मंद गतीने फिरवायला सुरुवात केली. घाई नाही, जोर नाही. पॅड निळं होत गेलं, मेलेला रंग त्यात उतरत होता. ती मध्येच थांबून शुद्ध दारूच्या फडक्याने पुसत होती, म्हणजे तेलाची चमक कोणती आणि रंगाची कोणती ते कळावं.

सूर्य बसिलिकाच्या मागे उतरायला लागला होता. तिसऱ्यांदा तिने फडकं फिरवलं, आणि राखेतून निळं वर आलं.

मला ठाऊक होतं ते येणार. कसं येणार, किती जाडीचा थर जाणार, सगळं ठाऊक होतं. केसाहूनही पातळ थर. आणि तरी मी पुढे सरकून बघितलं. त्या चिमूटभर जागेत पुरा घुमट दिसत होता, वरचे दोन ढग, आणि वाकून बघणाऱ्या फाउस्तोचं नाक. तो कितीतरी वेळ तसाच वाकून होता.

नीव्हेस पुढे सरकली. निळं पसरत गेलं आणि क्रूसाच्या उजव्या भुजेला येऊन मिळालं. भुजेची कड पुसट झाली. मग दिसेनाशी झाली.

"थांब," कोणीतरी म्हणालं.

यंत्राच्या आवाजात तिला ऐकू गेलं नाही. माळावाली म्हातारी उठून तिच्या हाताला धरायला आली. मागून आणखी आवाज आले. सकाळी जिचं तोंड बघायला तयार नव्हते तिला ते आता मामिता, माउली म्हणून विनवत होते. पुसू नकोस. पटलं आम्हाला. क्रूस राहू दे. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं होतं, ऊन, तेल, दारू, त्यांनी ते ऐकलंही होतं, आणि त्यांच्या लेखी त्याने काही कमी झालं नव्हतं. एवढंच नाही तर चमत्कार आता जास्तच पक्का होता: देवाने चोर दाखवला होता. मी वाद घातला नाही.

त्या गडबडीत नर्स ओर्तेन्सिया धक्क्यावरून पोचली. बूट ओले, श्वास लागलेला. तिने जीपचा मागचा भाग पाहिला, भोकांवरून हात फिरवला, आणि मग पुढे येऊन बॉनेटकडे पाहत राहिली. एका भुजेला मुकलेला क्रूस, आणि त्या जागी आरशासारखा निळा चौकोन.

एलिओदोरोने किल्ली तिच्या हातात ठेवली. सासू त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती.

फाउस्तोने डब्याचं झाकण घट्ट लावून तो नीव्हेसला परत दिला. सभेचा निर्णय त्याने मोठ्याने सांगितला नाही. नुसतं विचारलं, की उद्या सकाळी त्याची मिनीबस घेशील का, आधी नर्सबाईंची जीप व्हायला हवी असेल तर परवा चालेल.

नर्सला मात्र दुसरीच काळजी होती. गावात लोक विचारतील, बॉनेट असं अर्धवट का. सगळं एकसारखं करून द्यायला किती वेळ लागेल? आणि करावं की करू नये? तिने आधी पाद्रींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आम्ही दोघांनीही नजर वळवली.

नीव्हेसने यंत्राची वायर गुंडाळली.

"तुम्ही गाडी घेऊन जा," ती म्हणाली. "दवाखाना आधी चालू होऊ दे. उरलेलं पुसायचं की ठेवायचं ते सावकाश ठरवा. मी इथेच आहे."